मायनर लीगमधला पिचर जोखायचा कसा : वही, स्टॉपवॉच आणि किमान तीन फेऱ्या

न्यू जर्सीतल्या ब्रिजवॉटरच्या बेसबॉल स्टेडियममध्ये आता आपली बरीच मंडळी दिसतात. इथली सॉमरसेट पेट्रियट्स २०२१ पासून न्यूयॉर्क यँकीजची डबल-ए टीम (मुख्य टीमच्या दोन पायऱ्या खालची) आहे, रॅरिटन व्हॅली लाइनचं स्टेशन मैदानाला लागून आहे आणि तिकीट यँकी स्टेडियमच्या मानाने काहीच नाही. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बोलरकडे बघायची सवय असतेच, त्यामुळे पिचरवर, म्हणजे बॉल टाकणाऱ्यावर, मतं लगेच तयार होतात. "अठ्ठ्याण्णव मैलांनी टाकतोय, वर्षभरात वर जाणार बघ." पुढच्या महिन्यात त्याच पोराला पाच रन पडले की तोच माणूस म्हणतो, "गेला हा कामातून."

दोन्ही वेळा चूक एकच. एका संध्याकाळवरून निकाल लावला. पोरगा सुधारतोय का, हे त्याची तुलना त्याच्याशीच केल्यावर कळतं, आणि त्यासाठी दर वेळी त्याच गोष्टी, त्याच क्रमाने टिपाव्या लागतात. खालचा क्रम मी स्वतः चुका करत बसवला आहे. तो मोडू नका.

१. जाण्याआधी : कार्ड भरा, आकडे झाका

मेजर लीगच्या, म्हणजे सर्वांत वरच्या लीगच्या, ३० क्लबांच्या मायनर लीगमध्ये प्रत्येकी चार टीम पूर्ण सीझन खेळतात, खालून वर : सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. यँकीजच्या पोराची वाट टॅम्पा, हडसन व्हॅली, सॉमरसेट, स्क्रँटन अशी जाते. त्याच्याही खाली फ्लोरिडा, ॲरिझोना आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या नवशिक्यांच्या लीग आहेत. पोरगा कुठल्या पायरीवर आहे आणि त्या पायरीच्या मानाने त्याचं वय काय, हे आधी लिहा. डबल-एमधले बॅट्समन साधारण चोविशीचे असतात. त्यांच्यासमोर एकवीस वर्षांचा पोरगा जेमतेम टिकून असेल, तरी ती मोठी गोष्ट. सव्वीस वर्षांचा त्यांना लोळवत असेल तर हुरळून जाऊ नका.

कार्डावर एवढंच : वय, उंची, डावा की उजवा, ड्राफ्टचं (क्लब नवीन पोरं निवडतात त्या वार्षिक निवडीचं) वर्ष आणि राउंड, कोपराचं किंवा खांद्याचं ऑपरेशन झालंय का, मागच्या वर्षी किती इनिंग टाकल्या (एक इनिंग म्हणजे तीन आउट).

शेवटची नोंद लोक हमखास विसरतात. ज्याने मागच्या वर्षी साठ इनिंग टाकल्या, त्याला क्लब यंदा दीडशे टाकू देणार नाही. मग चौथ्या इनिंगनंतर तो उठला की स्टँडमधून सूर निघतो, "दम नाही याच्यात." पॉल स्कीन्स २०२३ च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू. २०२४ च्या सुरुवातीला पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला इंडियानापोलिसला ट्रिपल-एत ठेवलं तेव्हा सुरुवातीला तीन-तीन इनिंगच देत होते. सात स्टार्ट (सुरुवातीपासून टाकलेल्या मॅच) मिळून फक्त २७.१ इनिंग, म्हणजे सत्तावीस आणि एक तृतीयांश, त्यात ४५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट). मे महिन्यात तो पिट्सबर्गला पोचलासुद्धा. इनिंगचा आकडा क्लब ठरवतो, पिचर नाही.

ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणारे रन) मात्र आत्ता बघायचा नाही. बघून गेलात की डोळे तेच शोधायला लागतात.

*तपासा :* मायनर लीगमध्ये मंगळवार ते रविवार एकाच टीमशी सहा मॅच असतात, सोमवारी सुट्टी. त्यामुळे बहुतेक टीम सहा स्टार्टर (मॅचची सुरुवात करणारे पिचर) फिरवतात आणि मंगळवारचा पिचर सहसा पुढच्या मंगळवारी येतो. क्लब नावं आधी जाहीर करतो, पण पाऊस पडला की सगळं सरकतं. निघायच्या दिवशी दुपारी पुन्हा बघा.

२. साहित्य आणि जागा

वही, पेन्सिल, बटणाचं स्टॉपवॉच आणि छोटी दुर्बीण. फोनवरचं स्टॉपवॉच नको. काचेवर बोट नेमकं कुठे पडलं हे बघायला नजर खाली जाते, आणि तेवढ्यात पिच (टाकलेला बॉल) होऊन गेलेली असते.

वहीचं पान घरीच आखा. एका बॅट्समनला एक ओळ, एका पिचला एक खूण. माझ्या खुणा अशा : फ म्हणजे फास्टबॉल, स्ल म्हणजे स्लायडर (जलद, आडवा वळणारा), क म्हणजे कर्व्ह (संथ, खाली पडणारा), चें म्हणजे चेंजअप (फास्टबॉलसारखा भासणारा संथ बॉल). खुणेला गोल केला तर बॅट्समनचा स्विंग (फिरवलेली बॅट) हुकला, खाली रेघ मारली तर कॅचरचा (बॅट्समनमागे बॉल पकडणाऱ्याचा) ग्लोव्ह जागेवरून बराच हलला. रन, हिट, एरर यांना या पानावर जागा नाही.

पहिल्या दोन-तीन इनिंग होम प्लेटच्या (बॅट्समन उभा राहतो त्या जागेच्या) मागे बसा, जाळीआड. बॉल किती वळतो ते फक्त तिथूनच कळतं. पुढे एक इनिंग पिचरची छाती ज्या बाजूला उघडते तिथे जा : उजव्याला तिसऱ्या बेसकडे, डाव्याला पहिल्या बेसकडे. तिथून हात आणि पाय दिसतात.

*सावधान :* रडार गन विकत घ्यायची घाई नको. पहिल्या सीझनला मी खिशातली छोटी गन घेऊन पहिल्या बेसच्या बाजूला बसलो आणि वहीत लिहिलं, "वेग घसरला, ८९." बोर्डावर ९५ झळकत होते, मला वाटलं बोर्डच फुगवतोय. घरी येऊन हिशेब केला. बॉलच्या रेषेशी वीस अंशांचा कोन असला की गन ९५ ला ८९ दाखवते. दहा अंशांनाही दीड मैल जातो. गन वापरायचीच असेल तर थेट प्लेटमागून, नाही तर बोर्डावरचा आकडा बरा.

३. बुलपेन

पाऊण तास आधी पोचा. स्टार्टर साधारण अर्ध्या तासावर आलं की बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरच्या सरावाच्या जागेत, जोर लावायला लागतो. इथे गुण द्यायचे नाहीत, दोनच गोष्टी टिपायच्या. एक, चुकलेले बॉल कुठे जातात? सगळेच वर आणि हाताच्या बाजूला जात असतील तर आज शरीर पुढे पळतंय आणि हात मागे राहतोय. दोन, कुठली पिच तो पुन्हा पुन्हा मागून घेतोय? त्या पिचवर त्याचा आज विश्वास नाही, किंवा कोचने तीच आज वापरायला सांगितली आहे. यातलं खरं काय, ते मॅचमध्ये उलगडतं.

४. पहिली इनिंग : फक्त शरीर बघा

सगळ्यात अवघड पायरी हीच, कारण बॉलकडे बघायचं नाही.

पहिले पाच-सहा बॉल पायांवर नजर ठेवा. पुढचा पाय दर वेळी त्याच जागी पडतो का? घरच्या टीमचा पिचर असेल तर एक सोय आहे. पहिली इनिंग तोच टाकतो, म्हणजे माउंडची (पिचर उभा राहतो त्या उंचवट्याची) माती अजून कोरी असते. इनिंग संपली की दुर्बिणीतून बघा : पाय पडतो तिथे एकच खोल खळगा आहे, की शेजारी-शेजारी दोन-तीन? दुसऱ्या टीमचा पिचर येऊन गेला की ही खूण पुसली जाते, म्हणून लगेच बघायचं. एप्रिलमध्ये पसरट फतकल आणि जुलैमध्ये एकच स्वच्छ खळगा, एवढ्यावरून मला एका पोराचे वॉक (चार बॉल बाहेर पडून बॅट्समनला मिळणारे फुकट बेस) का घटले ते कळलं होतं.

मग हात. फास्टबॉल आणि स्लायडर एकाच उंचीवरून सुटतात का? स्लायडरला कोपर जरा खाली येत असेल तर सिंगल-एत कुणाच्या लक्षात येत नाही, ट्रिपल-एत सगळ्यांच्या लक्षात येतं.

*तपासा :* पहिल्या इनिंगनंतर स्कोअर विचारला आणि तुम्हाला सांगता आला नाही, तर तुमचं बरोबर चाललंय.

५. दुसरी-तिसरी इनिंग : पिच एकेक करून

*फास्टबॉल.* सगळ्यात मोठा आकडा लिहू नका, पल्ला लिहा : "९३–९५, एकदा ९७." तो ९७ पोराने आईवडिलांसमोर टाकलेला असतो. रोजचा वेग ९४.

पण नुसता वेग फसवतो. बॉल हातातून किती पुढे येऊन सुटतो हेही बघा. जेकब मिझिओरोव्स्की सहा फूट सात इंचांचा. तो साडेसात फुटांच्या आसपास पुढे येऊन बॉल सोडतो, बहुतेकांपेक्षा जवळपास फूटभर जास्त. तेवढं अंतर बॅट्समनच्या वाट्याचं कमी होतं. स्टँडमधून फुटपट्टी लावता येत नाही, मग बॅट्समनकडे बघा. मध्यावरच्या ९३ च्या बॉललाही फाउल (रेषेबाहेर गेलेले फटके) सारखे उलट्या बाजूला जात असतील, तर बॅट उशिरा येतेय आणि बॉल आकड्यापेक्षा जलद भासतोय. ९७ चा बॉल पोरं आरामात ओढून मारत असतील तर त्यांना तो आधीच दिसतोय.

*स्लायडर, स्वीपर (जास्त आडवा वळणारा स्लायडर), कर्व्ह.* किती वळला, यावर आपण भाळतो. विचारायचं ते वेगळंच : तो स्ट्राइकमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या ठरलेल्या चौकटीत, टाकता येतो का, आणि स्ट्राइकबाहेर टाकला तर बॅट्समन त्याच्यामागे बॅट फिरवतो का? दोन्ही जमत असेल तर ती खरी पिच. एकच जमत असेल तर अर्धी. आणखी एक, बोर्डावर "स्लायडर" लिहून आलं म्हणून तो स्लायडर नसतो. आधी तुमच्या डोळ्याचं लिहा, मग बोर्डाचं.

*चेंजअप.* इथे क्रिकेटचा डोळा कामी येतो. स्लोअर वन ओळखू आली की संपलं, हे आपल्याला गल्लीतच शिकवलेलं असतं. फास्टबॉलपेक्षा आठ-दहा मैल कमी हवा, पण हाताची गती तीच हवी. हात मंदावला की खुणेशेजारी "मं" लिहा. डबल-एमधल्या उजव्या पिचरचं भवितव्य बऱ्याचदा इथेच ठरतं. डावखुऱ्या बॅट्समनसाठी काही नसेल तर तो पुढेमागे रिलीव्हर (नंतर थोड्या इनिंगसाठी येणारा पिचर) होतो.

*कंट्रोल आणि कमांड.* हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. कंट्रोल म्हणजे बॉल स्ट्राइकमध्ये पडणं. कमांड म्हणजे कॅचरने ग्लोव्ह धरला तिथेच पडणं. बाहेरच्या कोपऱ्यावर मागितलेला बॉल आत गुडघ्याशी पडून स्ट्राइक मिळाला, तर बोर्डावर तो स्ट्राइक, वहीत मात्र खाली रेघ. तीस पिचेसनंतर रेघा मोजा. बोर्ड जे सांगत नाही ते रेघा सांगतात.

*सावधान :* मायनर लीग ही शाळा आहे. "आज पंधरा चेंजअप टाकायचेच" असा गृहपाठ क्लब देतो. मग २–० (दोन बॉल, शून्य स्ट्राइक) असताना पोरगा चेंजअप टाकतो, मार खातो, आणि आपण म्हणतो अक्कल नाही. न शोभणाऱ्या काउंटला तीच पिच पुन्हा पुन्हा दिसली तर "गृहपाठ?" असं लिहा आणि त्या हिट्स डोक्यातून काढून टाका. वरून दुखापतीनंतर आलेल्या मेजर लीगच्या पिचरलाही हेच लागू. तो मॅच जिंकायला आलेला नसतो.

६. बेसवर रनर आल्यावर

आता स्टॉपवॉच. पिचरची पहिली हालचाल झाली की सुरू, बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये वाजला की बंद. १.३ सेकंद चांगलं, १.५ च्या वर असेल तर रनर पुढचा बेस चोरायला पळणारच. पाच-सहा वेळा मोजा आणि सगळे आकडे लिहा. १.२९, १.३१, १.५२, १.३० असे आले तर तो १.५२ कुठल्या पिचला आला ते शोधा. पाय पूर्ण उचलून कर्व्ह टाकत असेल तर वरचे रनर ते दोन इनिंगमध्ये हेरतील.

घड्याळाकडेही लक्ष असू द्या. पिच क्लॉक (ठराविक सेकंदांत बॉल टाकायचं घड्याळ) चालू असतं आणि एका बॅट्समनमागे माउंडवरून दोनदाच पाय काढता येतो, थांबायला किंवा रनरकडे बॉल फेकायला. तिसऱ्यांदा पाय काढूनही रनर आउट झाला नाही तर बॉक, म्हणजे रनरला पुढचा बेस फुकट. दोन्ही वेळा लवकर उडवून बसणारा पोरगा गांगरलेला असतो. रनर दुसऱ्या बेसवर गेल्यावर वेग वाढतो, की हात आखडतो? एवढं एका ओळीत लिहा.

७. साठ पिचेस झाल्यावर

बहुतेक प्रेक्षक इथे पॉपकॉर्न आणायला जातात. तुम्ही जाऊ नका. बॅटिंग ऑर्डर तिसऱ्यांदा समोर येते तेव्हा बॅट्समनने त्याचं सगळं बघितलेलं असतं. आता तो नवीन काय दाखवतो? ऑर्डर पहिल्यांदा आली तेव्हा लपवून ठेवलेली पिच आत्ता निघाली तर तो विचार करतोय.

वेग पुन्हा लिहा. दोन-एक मैल कमी होणं चालतं. वेगही घटला, हातातून बॉल सुटण्याची जागाही खाली आली आणि स्लायडर टाकणंच बंद झालं, तर तिन्ही एकत्र नोंदवा. शेजारच्याला "कोपर गेलं याचं" असं सांगत सुटू नका. आपण डॉक्टर नाही, नोंद करणारे आहोत.

८. घरी आल्यावर : आता आकडे

पहिला हिशेब स्ट्राइकआउट वजा वॉक, भागिले समोर आलेले बॅट्समन. बावीस बॅट्समन, सात स्ट्राइकआउट, दोन वॉक : पाच भागिले बावीस, म्हणजे सुमारे २३ टक्के. मेजर लीगची सरासरी १४ च्या आसपास असते. फील्डरच्या चुका, नशीब, मैदान यांचा या आकड्याला फारसा संसर्ग होत नाही. एका मॅचचा मात्र काढू नका, पाच-सहा स्टार्टचा एकत्र काढा.

दुसरा हिशेब, तुमच्या वहीतले हुकलेले स्विंग भागिले एकूण पिचेस. मेजर लीगमध्ये हे ११ टक्क्यांच्या जवळपास असतं. डबल-एत तेवढंच असेल तर वर गेल्यावर घटेल असं धरून चाला.

मैदान आणि हवा यांची सूट द्या. ट्रिपल-एच्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये अल्बुकर्की पाच हजार फुटांवर आहे, तिथल्या विरळ हवेत कर्व्ह नीट वळत नाही आणि साधा फ्लाय बॉल कुंपणापार जातो. तिथला पाचचा ईआरए बघून नाक मुरडू नका. सॉमरसेटच्या ईस्टर्न लीगमध्ये उलटं : एप्रिलमध्ये पोर्टलंड, मेनला बोटं गारठतात, वेग सहज मैल-दीड मैल कमी दिसतो. म्हणून एप्रिलची तुलना शक्यतो मागच्या एप्रिलशी करावी.

प्रत्येक पिचचा तपशील सर्वांना बघायला मिळतो तो ट्रिपल-ए आणि सिंगल-एमधल्या फ्लोरिडा स्टेट लीगचा. मधल्या पायऱ्यांवर, म्हणजे ब्रिजवॉटरलाही, आपली वहीच.

९. दुसरी आणि तिसरी फेरी

दोन फेऱ्यांत चार-पाच आठवडे जाऊ द्या. आदल्या फेरीचं पान मॅचआधी वाचू नका, नंतर शेजारी ठेवा. माझ्या वहीतला बावीस वर्षांचा एक उजवा पिचर, नाव राहू दे :

एप्रिल. फास्टबॉल ९३–९५, चौथ्या इनिंगला ९२. ७८ पिचेसमध्ये चेंजअप ४, चारही "मं". रनर असताना १.४८. रेघा भरपूर. रन १.

जुलै. फास्टबॉल ९४–९६, पाचव्या इनिंगला ९५. ८४ पिचेसमध्ये चेंजअप १५, "मं" एकदाच, दोनदा २–० ला टाकला. रनर असताना १.३४. रेघा निम्म्या. रन ५.

त्या जुलैच्या संध्याकाळी माझ्या मागे बसलेले काका, त्यांच्या बायकोच्या हातात फोनवर स्कोअर होता, ते म्हणाले, "हे पोरगं काही खरं नाही." माझ्या मते तो सीझनमधला त्याचा सर्वांत चांगला दिवस होता.

गुण द्यायचे ते आता, तिसऱ्या फेरीनंतर. स्काउट (क्लबसाठी खेळाडू जोखणारे) २० ते ८० च्या मापात, पाच-पाचच्या टप्प्याने देतात. त्यातला ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी, तुम्ही बघत असलेल्या लेव्हलची नव्हे. घोटाळा इथेच होतो : डबल-एत उठून दिसणाऱ्या स्लायडरला लोक ७० देऊन बसतात. प्रत्येक पिचला दोन आकडे द्या, आजचा आणि पुढचा. चेंजअप ४०/५० असं. पुढचा आकडा लिहिताना, आजच्यापासून तिथवर तो कशाने पोचेल हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर दोन्ही आकडे सारखेच ठेवा.

आणि दार लवकर बंद करू नका. कॅम श्लिटलर २०२२ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या राउंडला यँकीजकडे आला, तेव्हा त्याचा फास्टबॉल नव्वदीच्या खालच्या टप्प्यात होता. २०२५ ची सुरुवात त्याने इथे ब्रिजवॉटरलाच केली, तोवर नव्वदीच्या वरच्या टोकाला पोचला होता. जुलैमध्ये तो यँकीजकडून खेळला आणि ऑक्टोबरमध्ये रेड सॉक्सविरुद्धच्या निर्णायक मॅचला आठ इनिंग, बारा स्ट्राइकआउट, एकही वॉक नाही. २०२२ चं पान फाडून टाकणाऱ्याकडे तुलनेला काहीच उरलं नसतं.

१०. पोरगा वर गेला की

वही बदलू नका, त्याच पानापुढे लिहा. स्क्रँटन गाडीने दोन तासांच्या आत आहे, एक फेरी जमवा. वर दोन गोष्टी बदलतात. ट्रिपल-एमध्ये मेजर लीगचा बॉल वापरतात, त्यामुळे पहिले तीन-चार स्टार्ट पकड शोधण्यात गेले तर नवल नाही. आणि बॉल-स्ट्राइकच्या निर्णयावर कॅमेऱ्याकडे दाद मागता येते, म्हणून कॅचरने ग्लोव्ह सरकवून मिळवून दिलेले स्ट्राइक कमी होतात.

इथे प्रत्येक पिचचं मोजमाप उघड असल्याने तुमचा डोळाही तपासून घ्या. मॅच बघून आलात की आधी वही पूर्ण करा, मगच यंत्राची यादी उघडा आणि पिचगणिक ताडून बघा. मी पहिल्यांदा ताडलं तेव्हा "स्लायडर" म्हणून लिहिलेल्या एकवीस पिचेसपैकी नऊ यंत्राच्या लेखी कटर (जरासाच वळणारा फास्टबॉल) होत्या. मग ब्रिजवॉटरची जुनी पानं काढून, जिथे जिथे ८८ च्या वरचा स्लायडर लिहिला होता तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह टाकत बसलो.